न्यूट्रल मिल्क हॉटेलचा अख्खा अल्बम वाजवायला घेतलाय, पण नको असलेल्या जागांचं काय करू?

तिसरी_पट्टी (धागाकर्ता)

घेतलाच शेवटी. ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने, एकट्याने. हाताशी एक अकुस्टिक गिटार, एक मेलोडिका (तोंडाने फुंकून वाजवायची छोटी पेटी) आणि माझा गळा. हा गळा बँडचा गायक जेफ मँगमच्या गळ्याच्या आसपासही फिरकत नाही, ते सोडा.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: १९९७ मध्ये डेन्व्हरला निर्माता रॉबर्ट श्नायडरच्या देखरेखीखाली रेकॉर्ड झाला, १० फेब्रुवारी १९९८ ला मर्ज रेकॉर्ड्सने काढला. ११ गाणी, जेमतेम ४० मिनिटं. ॲन फ्रँकची डायरी वाचून मँगम हादरला होता, ते सगळं यात झिरपलंय. १९९८ चा दौरा संपल्यावर तो जवळजवळ दिसेनासाच झाला. बँड पुन्हा मंचावर आला तो थेट २०१३ मध्ये. मधल्या काळात हा अल्बम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिला आणि लोक त्यावर वेड्यासारखं प्रेम करू लागले.

गिटारची धास्ती नाही. शीर्षकगीत म्हणजे जी, ई मायनर, सी, डी. नवशिक्यालाही जमेल. माझी गोची वेगळी आहे. आजवर सुटी गाणी कव्हर केली. आवडलं ते उचललं, गळ्याला बसेल ती पट्टी घेतली, झालं काम. अख्खा अल्बम घेतला की मी कधीच निवडलं नसतं तेही गळ्यात येतं.

आता दुसऱ्या ट्रॅकची सुरुवात घ्या. तिथे तो येशू ख्रिस्तावरचं आपलं प्रेम तारस्वरात, स्वर ताणून ताणून जाहीर करतो. थट्टा वाटावी असं काही नाही. अल्बमसोबतच्या मजकुरात त्याने मुद्दाम लिहिलंय की जे गातो ते मनापासून गातो, मात्र अल्बम कुठल्या एका धर्मावर बेतलेला नाही. माझा या बाबतीत पूर्ण कोरडा कारभार. गाऊ कोणत्या तोंडाने?

मग ‘द फूल’. शब्द नाहीत, नुसती ब्रास वाद्यं (ट्रम्पेटसारखी पितळी) आणि ढोल. ‘टू-हेडेड बॉय’मध्ये गिटार आणि आवाज एवढंच असतं, ते ओरडून संपतं न संपतं तोच हे वाजत येतं. माझ्याकडे एक मेलोडिका.

आणि ‘ओह कमली’च्या शेवटी मागून ऐकू येणारी ती थक्क झालेली शिवी. आठ मिनिटांहून मोठं गाणं मँगमने एका दमात, एकाच टेकमध्ये संपवल्यावर बँडमधल्या स्कॉट स्पिलेनच्या तोंडून निघालेली. आणि अल्बमच्या अगदी शेवटी, गिटार खाली ठेवून मँगम चालत जातो ते पावलांचे आवाज. ही पावलं अल्बमचा भाग धरायची की नाही?

जाणकारांनी मतं द्यावीत.

ढकलगाडी

रुमाल टाकून ठेवतो. अल्बम ऐकून येतो, ४० मिनिटांत हजर.

रद्दीतली_कॅसेट

अरे, तुझा अर्धा प्रश्न गायिका पेट्रा हेडनने २००५ मध्येच सोडवून ठेवलाय. ‘द हू’ या रॉक बँडचा १९६७ चा ‘द हू सेल आउट’ तिने अख्खा गायला, एकही वाद्य न घेता. बेसवादक माइक वॉटने तिला आठ ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर दिला होता. एका ट्रॅकवर मूळ अल्बम भरलेला, उरलेले सात तिला मोकळे. गिटार तोंडाने, बेस तोंडाने, ड्रमसुद्धा तोंडाने.

तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्या अल्बममध्ये गाण्यांच्या मधे मधे रेडिओच्या जिंगल आणि लुटुपुटुच्या जाहिराती पेरलेल्या आहेत. तिने त्याही गायल्या, तितक्याच मन लावून. मला तर त्या जागाच जास्त आवडतात. गाणं कोणीही गाईल, पण दोन गाण्यांमधली ती फुटकळ जाहिरात चार आवाजांत बसवायची म्हणजे माणूस तबकडीच्या किती प्रेमात असेल बघ.

तेव्हा ‘द फूल’ला मेलोडिका कमी पडते हे कारण चालणार नाही. तोंड आहे ना?

दुसरं टोकही सांगून ठेवतो. पुसी गॅलोर हा बँड, १९८६, रोलिंग स्टोन्सचा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ अख्खा. कॅसेटच्या ५५० प्रती काढल्या. ऐकायला घेतलास तर कान सांभाळ. प्रेमाने केलंय की उट्टं काढायला, हे माझं अजून ठरत नाही.

मुद्देसूद

धाग्याचा उत्साह मोडायचा नाही, पण मूळ प्रश्नच मला पटत नाही. जसंच्या तसं वाजवायचं तर मूळ अल्बम आहेच की. तुमच्या कव्हरने ऐकणाऱ्याला काय नवीन मिळणार?

अख्खा अल्बम कव्हर करण्याचं माझ्या मते एकच सार्थ उदाहरण: डर्टी प्रोजेक्टर्स या बँडचा ‘राइज अबव्ह’, २००७. त्यांच्या डेव्ह लाँगस्ट्रेथने ब्लॅक फ्लॅग या पंक बँडचा १९८१ चा ‘डॅमेज्ड’ वर्षानुवर्षं न ऐकता, नुसत्या आठवणीवर पुन्हा उभा केला. मूळचा हार्डकोर पंकचा धुडगूस. लाँगस्ट्रेथच्या हातात त्या धुडगुसाची वळणावळणाची गिटार झाली, बायकांच्या आवाजातल्या गुंतागुंतीच्या हार्मनी झाल्या. जे आठवलं ते आलं, नाही आठवलं ते याने रचलं. मूळ ऐकलेला माणूसही पहिल्या फटक्यात ओळखणार नाही.

माझा सल्ला: अल्बम ऐकणं बंद करा. वर्षभर. मग बसा वाजवायला. तोवर शिवी आणि पावलं दोन्ही विसरला असाल तर प्रश्न आपोआप मिटला.

ढकलगाडी

ऐकून आलो. पहिल्याच गाण्यानंतर थांबायला जागा नाही, सरळ दुसऱ्यात ढकलतात. माझ्या नावाला साजेसा अल्बम.

@मुद्देसूद, वर्षभर? हा धागा तोवर कितव्या पानावर गेला असेल.

तिसरी_पट्टी (धागाकर्ता)

@मुद्देसूद, ‘राइज अबव्ह’ मलाही आवडतो. पण मला विसरणं जमणार नाही. हा अल्बम माझ्या इतका अंगवळणी पडलाय की ‘घोस्ट’ संपता संपता ‘अनटायटल्ड’मधले पाइप्स डोक्यात आधीच सुरू होतात. ‘घोस्ट’ सुटं कुठे लागलं आणि पुढे ते आलं नाही की पायरी चुकल्यासारखं होतं. मला तेच सांधे वाजवायचे आहेत. गाण्यांइतकेच.

@रद्दीतली_कॅसेट, तोंडाने ब्रास! करून बघितलं. घरातले लोक वेगळ्या नजरेने बघताहेत.

ती_मधली

मी गाते, म्हणून गळ्याबद्दल बोलते. बाकीचं तुम्ही पुरुषमंडळी ठरवा.

दुसऱ्या ट्रॅकमध्ये श्रद्धा आहे की नाही याची काळजी तुम्ही उगाच करताय. भक्तिगीतं गाणाऱ्यांत अर्धे नास्तिक असतील. खरी गोम त्या लांबवलेल्या स्वरांत आहे. मँगम तिथे आपल्या गळ्याच्या वरच्या टोकाला लटकलेला असतो. सूर किंचित हलतो, कडा फाटतात, आणि तरी तो सोडत नाही. सगळे काय करतात, पट्टी दोन-तीन स्वर खाली आणतात आणि आरामात गातात. सूर पक्के लागतात आणि गाणं मरतं.

तुम्ही उलट करा. आधी तुमच्या छातीच्या आवाजाची वरची हद्द शोधा. कापो (गिटारच्या दांड्यावर लावून पट्टी चढवायचा चिमटा) असा लावा की त्या ओळीतला सर्वांत वरचा स्वर त्या हद्दीच्या बरोब्बर काठावर येईल. मूळ पट्टी कोणती होती ते विसरा. ताण मूळच्याइतका आला पाहिजे. सूर कुठला का असेना. फॉल्सेटो, म्हणजे वरचा पातळ खोटा आवाज, वापरलात तर मी हा धागा सोडून जाईन.

एक मात्र पाळा. असली गाणी बैठकीच्या शेवटी घ्या, आणि दुखायला लागलं की त्या दिवशी बंद. गायक हॅरी निल्सनने १९७४ मध्ये जॉन लेननसोबत ‘पुसी कॅट्स’ करताना स्वरतंतूला इजा करून घेतली आणि लेनन काम थांबवेल या भीतीने लपवून ठेवली. अल्बमभर तो घोगरेपणा ऐकू येतो. गंमत म्हणजे तो अल्बमही पुढे २००६ मध्ये द वॉकमेन या इंडी बँडने अख्खाच्या अख्खा वाजवला. त्यांच्या गायकाचा गळा मुळातच खरखरीत, त्यामुळे निल्सनचं दुखणं त्याला फुकट मिळालं.

शेवटचा_बाक

ताई, कापोचा सल्ला लाखातला. वाचनखूण साठवली.

हिशेबनीस

कायद्याचं कोणी काढलं नाही, म्हणून मी.

अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेल्या गाण्याचं ध्वनिमुद्रित कव्हर करायला गीतकाराच्या मनधरण्या कराव्या लागत नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ११५ खाली सक्तीचा परवाना मिळतो. ठरलेल्या दराने पैसे भरायचे. चाल आपल्या शैलीत बसवता येते, पण मूळ चाल आणि गाण्याचा मूळ स्वभाव बदलता येत नाही. आठवणीतून अल्बम उभे करणाऱ्यांनी ही अट आधी वाचावी. मुद्देसूद, तुमच्याकडेच बघतोय.

दर २००६ पासून २०२२ पर्यंत प्रतीमागे गाण्याला ९.१ सेंट होता, गाणं पाच मिनिटांच्या वर गेलं तर मिनिटाला १.७५ सेंट. २०२३ मध्ये १२ सेंट झाला आणि आता महागाईप्रमाणे सरकतो. जुन्या दरानेसुद्धा या अल्बमच्या एका प्रतीचे एक डॉलरच्या थोडे वर होतात. ‘ओह कमली’ लांबीमुळे महाग. पण ‘कम्युनिस्ट डॉटर’ दोन मिनिटांच्या आत संपतं आणि तरी शीर्षकगीताइतकेच पैसे खातं. ‘द फूल’चंही तेच. धागाकर्त्याला नकोशा वाटणाऱ्या जागा कायद्याच्या लेखी पूर्ण वजनाच्या आहेत.

दोन खाचखळगे. व्हिडिओला हा परवाना चालत नाही, त्याला सिंकचा (चित्रासोबत गाणं जोडण्याचा) वेगळा लागतो आणि तो सक्तीचा नसतो. आणि हे सगळं गाण्याच्या रचनेबद्दल झालं. मूळ रेकॉर्डिंगचा हक्क निराळा. तेव्हा मूळ अल्बममधली पावलं कापून स्वतःच्या शेवटी चिकटवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

ढकलगाडी

म्हणजे दुसऱ्याची पावलं चालत नाहीत, स्वतःचीच टाकावी लागतात. कायदा भलताच आध्यात्मिक निघाला.

शेवटचा_बाक

आता त्या शिवीचं आणि पावलांचं. गायिका कॅट पॉवरची आठवण आली.

बॉब डिलनचा १९६६ चा तो गाजलेला कार्यक्रम, अर्धा अकुस्टिक, अर्धा इलेक्ट्रिक, वर्षानुवर्षं ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ या नावाने चोरून विकला जात होता. प्रत्यक्षात तो १७ मे ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेला. कॅट पॉवरने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पूर्ण कार्यक्रम, गाण्यांचा क्रम तोच ठेवून, खऱ्याखुऱ्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये केला. पुढच्या वर्षी त्याचा अल्बम आला. म्हणजे चुकीच्या लेबललाही तिने मान दिला!

मूळ कार्यक्रमात प्रेक्षकांतून एकजण ‘जुडास’ (येशूला दगा देणारा शिष्य, म्हणजे गद्दार) म्हणून ओरडतो, हे सगळ्यांना पाठ. तर २०२२ मध्येही एक शहाणा ओरडलाच. पण त्याची जागा हुकली. मूळची हाक ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या आधी, याने एक गाणं आधीच घाई केली. ती शांतपणे एकच शब्द म्हणाली, ‘जीझस’. आणि पुढचं गाणं सुरू केलं.

तेव्हा ठरवून ओरडलं की असं होतं. प्रेक्षकाने पाठ केलेली हाक शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या संवादासारखी वाटते, आणि तिने दिलेलं उत्तर मात्र खरं वाटतं, कारण ते त्याच क्षणी सुचलं होतं. शिवी मागे कोणाकडून तरी वदवून घेऊ नका. एकट्याने वाजवताय, मागे आहे कोण थक्क व्हायला?

रद्दीतली_कॅसेट

याच्याशी सहमत, पण पावलांना हा नियम लावू नका. शिवी दुसऱ्या माणसाची होती. पावलं गाणाऱ्याची स्वतःची आहेत. तिसरी पट्टी, तू गाणं संपल्यावर गिटार हातात धरून तिथेच कायमचा बसणार आहेस का? उठणारच ना? मग मशीन बंद करायची घाई करू नकोस. जे येईल ते येईल. खुर्ची करकरली तर खुर्ची.

मुद्देसूद

बघा, म्हणजे शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात. शिवी नको, पावलं स्वतःची, पट्टी स्वतःच्या गळ्याची. मग मूळ उरलं काय?

रद्दीतली_कॅसेट

क्रम उरला की. आणि नावडत्या गाण्यांना फाटा न देणं उरलं.

गायिका अँजेलिक किजोचं ‘रिमेन इन लाइट’ ऐकलंय का तुम्ही? मूळ टॉकिंग हेड्स या बँडने १९८० मध्ये निर्माता ब्रायन इनोसोबत केलेला अल्बम. नायजेरियाच्या फेला कुटीच्या संगीताने झपाटून जाऊन न्यूयॉर्कच्या मंडळींनी आफ्रिकी लय उचलली. किजो मूळची बेनिनची. तिने २०१८ मध्ये आठच्या आठ गाणी त्याच क्रमाने केली, सोबतीला फेलाचाच ड्रमर टोनी ॲलन. लय जिथून गेली होती तिथे परत आली असं म्हणायला हरकत नाही. आता पहिली चार-पाच गाणी तिला सोपीच होती, ती मुळातच नाचरी. पण शेवटचं ‘द ओव्हरलोड’? मंद, काळोखं, घरघरणारं. टॉकिंग हेड्सनी ते जॉय डिव्हिजन या उदास ब्रिटिश बँडसारखं करायला घेतलं होतं आणि तोवर त्यांनी जॉय डिव्हिजन ऐकलंच नव्हतं, नुसतं वर्णन वाचलं होतं, असं सांगतात. आफ्रिकी लयीशी त्याचं काही देणंघेणं नाही. सुटी गाणी निवडायची असती तर किजोने ते घेतलं असतं असं मला वाटत नाही. अल्बम घेतला म्हणून त्याला भिडावं लागलं, आणि ती भिडली.

मला या सगळ्या प्रकारात तेवढंच बघायचं असतं. आवडतं गाणं कोण कसं वाजवतं यात मला आता फार रस उरला नाही. नको असलेलं गाणं आलं की माणूस काय करतो, ते ऐकायला मी अख्खे अल्बम विकत घेतो.

शेवटचा_बाक

+१. गायक रायन ॲडम्सने २०१५ मध्ये टेलर स्विफ्टचा ‘१९८९’ अख्खा केला तेव्हा माझी नेमकी हीच तक्रार होती. १३ गाणी, १३ ला एकच उदास छटा. चांगलं गाणंही ओलं, भरतीचं गाणंही ओलं. बिलबोर्डच्या यादीत पहिल्या आठवड्यात तो सातवा आणि मूळ अल्बम आठवा होता, तेव्हा माझ्या तक्रारीला कोण विचारतो म्हणा.

मुद्देसूद

‘द ओव्हरलोड’चा मुद्दा मान्य. किजोपुरता. धागाकर्ते किजो नाहीत, हे नम्रपणे नमूद करतो.

ढकलगाडी

नम्रपणा पोचला.

अवांतर: स्वतःचाच अल्बम पुन्हा कव्हर केला तर? कार सीट हेडरेस्ट या बँडच्या विल टोलेडोने केलाय ना. ‘ट्विन फँटसी’, २०११ ला घरी रेकॉर्ड केलेला, मग २०१८ ला पूर्ण बँड घेऊन नव्याने. जुन्याची आवाजाची बोंब, नव्यात सगळं स्वच्छ. लोक अजून भांडताहेत कुठला बरा. मी जुन्याच्या बाजूने.

ती_मधली

नव्याच्या. त्यावर वेगळा धागा काढा, इथे पान भरेल.

@तिसरी_पट्टी, ‘द फूल’चं काही ठरलं का? मी काल बसून त्याचे तीन आवाज लिहून काढले. मेलोडिकाला मधला द्या, ती मधेच बरी वाटते, वरचा आवाज दिलात तर खेळण्यासारखी किरकिरते. वरचा तुम्ही बंद ओठांनी गुणगुणा, खालचा गिटारच्या जाड तारांवर. आणि एक पथ्य: तिन्ही आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करताना मेट्रोनोम (टिकटिक ताल देणारं यंत्र) लावू नका. मूळ ऐकाल तर सगळे एकमेकांच्या थोडे मागेपुढे आहेत, लग्नाच्या बँडसारखे. ते नेटकं झालं की संपलं.

तिसरी_पट्टी (धागाकर्ता)

ताई, पाठवाच. शिवी गेली, हे ठरलं. पावलांबद्दल कॅसेटदादांचं ऐकतो, मशीन चालू ठेवतो. कापो दोन घरं वर गेलाय आणि दुसरा ट्रॅक आता भीती वाटावी इतका वर लागतोय, म्हणजे बरोबर असणार. श्रद्धेचा प्रश्न तिथे उरतच नाही, सगळं लक्ष श्वास पुरवण्यात जातं. मुद्देसूद, तुमच्यासाठी ‘कम्युनिस्ट डॉटर’ एकदाही न ऐकता, आठवणीतून वाजवणार आहे. हिशेबनीसांचं कलम सांभाळून.

‘अनटायटल्ड’ राहिलं. त्यातल्या आयरिश पाइप्सना काय पर्याय?

ती_मधली

तीच मेलोडिका. एक सूर सतत दाबून ठेवायचा, पट्टीवर चिकटपट्टी लावा हवी तर, आणि बाकीच्या बोटांनी वर धून. श्वास मधे तुटेल तिथे तुटू द्या.

रद्दीतली_कॅसेट

चिकटपट्टी कागदी घे, प्लॅस्टिकची डाग पाडते.